घोडचूक : निजामशाहीचा वजीर आणि आपला पट

नगर शहराच्या आग्नेयेला सुमारे दोन मैलांवर फराहबाग नावाची एक अष्टकोनी, दुमजली वास्तू उभी आहे. एकेकाळी ती भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध होती. आज तलाव कोरडा आहे. निजामशाहीतला हा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. स्थानिक इतिहासात त्याच्याबद्दल एक लहानशी नोंद नेहमी येते. सुलतान मुर्तजा निजामशाह पहिला इथे एकांतात येऊन बुद्धिबळ खेळत असे. समोर बसे दिल्लीकडचा एक गाणारा कलावंत. त्या कलावंताला सुलतानाने फतेहशाह हे नाव दिले होते आणि मुक्कामासाठी बागेतच लकडमहाल नावाची वेगळी इमारत बांधून दिली होती.

मुर्तजा १५६५ ते १५८८ अशी तेवीस वर्षे गादीवर होता. लोकांनी त्याला 'दिवाणा' म्हटले. मराठी वाचकांच्या लक्षात राहिली ती त्याची बहीण, चांदबीबी. मुर्तजाकडे सहसा कोणी वळत नाही. पण बुद्धिबळ शिकू पाहणाऱ्या मुलांशी बोलताना मला तोच आधी आठवतो. कारण पटावर नवशिका खेळाडू ज्या चुका करतो, जवळजवळ त्या सगळ्या या सुलतानाने राज्यकारभारात करून ठेवल्या आहेत. मराठीत अशा चुकीला फार चांगला शब्द आहे : घोडचूक.

या लेखात दोन गोष्टी सोबत सांगायच्या आहेत. नगरच्या इतिहासातले एक प्रकरण, आणि बुद्धिबळ नुकतेच हाती घेतलेल्यांसाठी चार कामाच्या सूचना. दोन्ही एकत्र का, ते पुढे कळेलच.

शतरंजची भाषा आपल्या घरात

बुद्धिबळाचा उगम भारतातला. चतुरंग या नावाने तो इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला आणि शतरंज झाला. आपण मराठीत 'शह' म्हणतो तो फारसीतला शाह, म्हणजे राजा. 'मात', 'वजीर', 'प्यादे' हे शब्दही त्याच वाटेने आले. अगदी 'मनसुबा' हा रोजच्या मराठीतला शब्द घ्या. अरबी शतरंजमध्ये 'मन्सूबा' म्हणजे पटावर मुद्दाम मांडलेली स्थिती, सोडवायचे कोडे. आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ बेत, डाव असा झाला.

नवव्या-दहाव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात शतरंजचे नावाजलेले उस्ताद होते. अल-अदली याने या खेळावर ग्रंथ लिहिला. पुढे अस-सूली या विद्वानाने खलिफा अल-मुक्तफी याच्यासमोर दरबारचा आवडता खेळाडू अल-मावर्दी याला हरवले. या लोकांनी मन्सूबे गोळा करून लिहून ठेवले आणि शागिर्दांकडून सोडवून घेतले. आज मोबाइलवर मुले ज्याला 'पझल' म्हणतात, ती रीत हजार वर्षांहून जुनी आहे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. जुन्या शतरंजमधला वजीर दुबळा होता. एका वेळी एकच घर, तेही तिरके, एवढीच त्याची चाल. आजचा वजीर आठही दिशांना हवा तितका धावतो. हा बदल पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीकडे झाला आणि नंतर जगभर पसरला. ज्या परंपरेतून मुर्तजाचा खेळ आला, तिच्यात वजीर गमावणे ही फार मोठी हानी नव्हती. पण त्याच्या दरबारातला वजीर आजच्या पटावरच्या वजिरासारखा होता. सगळे राज्य त्याच्या जोरावर उभे होते.

चंगीझखानाचे प्रकरण

हा चंगीझखान म्हणजे मंगोलांचा चंगीझ नव्हे. हा निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य कारभारी. (पेशवा हे पद दख्खनच्या सुलतानांकडेही होते, हे आपण विसरतो.) मुर्तजा गादीवर आला तेव्हा अल्पवयीन होता. कारभार त्याची आई खुंजा हुमायून पाहत होती. काही वर्षांनी मुर्तजाने आईला कैद करून सत्ता हातात घेतली. त्यानंतरच्या धामधुमीत ज्या माणसाने राज्य सावरले, तो चंगीझखान.

त्याची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे वऱ्हाड. तिथली इमादशाही संपवून १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड घेतले. नरनाळा आणि गाविलगड असे बळकट किल्ले हाती आले. राज्याचा विस्तार एकदम वाढला. साहजिकच शेजाऱ्यांना धडकी भरली. आता पाळी बीदरची, हे गोवळकोंड्याच्या कुत्बशाहीने ओळखले.

पुढची हकीकत फरिश्ता सांगतो. मुहम्मद कासिम फरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी नगरच्या दरबारातच होता, त्यामुळे त्याच्या सांगण्याला वजन आहे. कुत्बशाही वकिलाने आधी चंगीझखानालाच पैसे देऊ केले. तो बधला नाही. मग वकिलाने सुलतानाचा लाडका साहिबखान याला गाठले. साहिबखानाचे चंगीझखानाशी वैर होतेच. त्याने सुलतानाच्या कानात भरवले की चंगीझखान वऱ्हाडात स्वतंत्र व्हायला बघतो आहे.

सुलतानाने वजिराची परीक्षा घ्यायचे ठरवले. आपल्याला आता नगरला परतायचे आहे, असे तो सहज म्हणाल्यासारखे म्हणाला. नुकताच जिंकलेला मुलूख एवढ्यात सोडून जाणे बरे नव्हे, असा सल्ला चंगीझखानाने दिला. कोणत्याही जबाबदार कारभाऱ्याने हेच सांगितले असते. पण मनात संशयाचे बी रुजले होते. त्याच उत्तरात सुलतानाला फितुरीचा पुरावा दिसला. त्याने हकिमाकरवी विष पाठवले. चंगीझखानाने आपली निष्ठा कळवणारे पत्र सुलतानाला लिहून ठेवले आणि विष घेतले.

पुढे सत्य कळले. मुर्तजा पस्तावला, कारभारातून अंग काढून एकांतात जाऊन बसला आणि बराच काळ तसाच राहिला. फराहबागेतले डाव हे या एकांताच्या काळातले आहेत. वजीर स्वतःच्या हाताने घालवल्यानंतर हा राजा पटावर बसत होता.

घोडचूक कशी होते?

आता पटाकडे या. मुकुंदनगरच्या बाजूला राहणारी काही मुले रविवारी माझ्याकडे खेळायला बसतात. मी काही मोठा खेळाडू नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि बुद्धिबळाचा शौक आहे, एवढेच. पण इतकी वर्षे नवशिक्यांचे डाव बघून एक गोष्ट पक्की झाली आहे. नवशिका हरतो तो समोरच्याच्या हुशारीमुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो स्वतःचा वजीर, हत्ती किंवा घोडा स्वतःच देऊन टाकतो. दहा-बारा खेळ्यांत कुठेतरी एक मोहरा बिनजोर राहतो, समोरचा तो उचलतो, आणि डाव तिथेच संपल्यात जमा होतो.

म्हणून पहिला सल्ला असा : हुशार खेळी शोधण्याआधी फुकटची हानी थांबवा. तेवढे जमले तरी तुम्ही आसपासच्या निम्म्या खेळाडूंना भारी पडाल.

त्यासाठी प्रत्येक खेळीपूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारायचे.

पहिला : समोरच्याने आत्ता जी खेळी केली, ती का केली? त्याला आता काय करता येते, जे आधी करता येत नव्हते? त्याच्याकडून येऊ शकणारे शह बघा, मग तो काय मारू शकतो ते बघा, मग पुढच्या खेळीची धमकी बघा. याच क्रमाने.

दुसरा : मी जी खेळी करणार आहे, तिच्यामुळे काय उघडे पडते? मोहरा एका घरातून उठला की त्याने जे राखले होते ते राखायचे थांबते. नवशिका मोहरा कुठे चालला हे पाहतो, कुठून उठला हे पाहत नाही.

तिसरा : ज्या घरात मी बसणार, तिथे त्याचे किती मोहरे मारा करतात आणि माझे किती जोर देतात? बोटांवर मोजा. प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९ हा हिशेब डोक्यात ठेवा. दोन प्याद्यांसाठी घोडा देणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे त्याने लगेच कळते.

मुर्तजाला हाच पहिला प्रश्न विचारता आला असता. साहिबखान हे मला आत्ताच का सांगतो आहे? चंगीझखान गेला तर फायदा कोणाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे गोवळकोंड्याकडे बोट दाखवत होती. पण भीती माणसाला समोरच्याच्या चालीकडे बघू देत नाही. ती त्याला स्वतःच्याच मोहऱ्यांकडे संशयाने बघायला लावते.

भीतीने केलेली खेळी

भीतीचे एक उदाहरण प्रत्येक शाळेच्या स्पर्धेत पाहायला मिळते. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्यानेही तसेच केले. दुसऱ्याच खेळीत पांढरा आपला वजीर बाहेर काढून थेट उजव्या कडेच्या पाचव्या घरात नेतो. छोट्या मुलाला वाटते, बाप रे, वजीर आला! त्याला हुसकावण्यासाठी तो राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे ढकलतो. पांढरा वजीर निवांतपणे मधले प्यादे मारतो. त्याबरोबर राजाला शह बसतो आणि कोपऱ्यातल्या हत्तीवरही मारा होतो. राजा वाचवावा लागतो, हत्ती जातो.

इथे काळ्याने फक्त विचारायला हवे होते : हा वजीर नेमके काय मारतो आहे? उत्तर सोपे आहे. माझे मधले प्यादे बिनजोर आहे. मग आधी वजिराच्या बाजूचा घोडा काढून त्याला जोर द्यायचा. त्यानंतर पांढऱ्याने उंट आणून राजाशेजारच्या कमकुवत घरावर मातेची धमकी दिली, की मग तेच घोड्यासमोरचे प्यादे पुढे सरकवायचे. आता ती खेळी उत्तम ठरते. वजिराची वाट बंद होते आणि त्याला परतावे लागते. प्यादे तेच, घर तेच. आधी घाबरून ढकलले तर हत्ती जातो, धोका ओळखून ढकलले तर डाव हाती येतो.

पांढऱ्यासाठीही यात धडा आहे. वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये. समोरचा एकेक मोहरा काढत त्याला हुसकावत राहतो आणि आपले घोडे-उंट घरातच झोपून राहतात. सुरुवातीला दोन्ही घोडे, दोन्ही उंट बाहेर काढा, मधल्या घरांवर पकड ठेवा आणि किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुरक्षित करा. सुरुवातीच्या दहा खेळ्यांना याहून जास्त शास्त्र लागत नाही.

वजीर गेल्यानंतरचा डाव

मोहरा गेल्यावर नवशिका दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर रागाने चार मोहरे अंगावर घालतो, नाहीतर मान खाली घालून कशाही खेळ्या करू लागतो. दुसरी घोडचूक पहिलीच्या पाठोपाठ येते ती अशी.

मुर्तजाने दुसरा मार्ग धरला. तो पटावरून उठला नाही, पण खेळणेही सोडले. तरी राज्य लगेच कोसळले नाही, कारण त्याच्याकडे आणखी एक मोठा मोहरा होता. सलाबतखान. त्याच्या काळात मुलुखाचा बंदोबस्त चांगला होता असे तवारीख सांगते. शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर दिसणारी तीन मजली अष्टकोनी वास्तू, जिला सगळे नगरकर 'चांदबीबीचा महाल' म्हणतात, ती खरे तर या सलाबतखानाची कबर आहे. पुढे सुलतानाची त्याच्यावरही मर्जी खप्पा झाली. फरिश्त्याच्या हकीकतीप्रमाणे सलाबतखानाने कोणत्या किल्ल्यावर कैदेत जाऊ एवढेच विचारले. सुलतानाने दंडा-राजपुरीचे नाव घेतले. खानाने स्वतःच्या हाताने पायांत बेड्या घातल्या आणि निघाला. अशा रीतीने दुसरा वजीरही गेला.

मग शेवट दूर नव्हता. मुलगा मीरान हुसेन आपल्याविरुद्ध जाईल या संशयाने मुर्तजाने त्याच्या बिछान्याला आग लावून त्याला मारायचा प्रयत्न केला. मुलगा वाचला. १५८८ मध्ये त्याच मुलाने बापाला हमामात कोंडून, आत धग वाढवून मारले. वर्षभराच्या आत मीरान हुसेनही मारला गेला.

पटावर याला शेवटच्या रांगेतली मात म्हणतात. राजा किल्लेकोटात बसलेला, समोर स्वतःचीच तीन प्यादी भिंतीसारखी, आणि समोरचा हत्ती शेवटच्या रांगेत येऊन शह देतो. बाहेर पडायला वाट नाही. उपाय अगदी साधा आहे. वेळ असेल तेव्हा कडेचे एक प्यादे एक घर पुढे सरकवून राजाला खिडकी करून ठेवायची. आणि दोन्ही हत्ती एकदम घर सोडून जाणार नाहीत, हे बघायचे.

मोहरा गेला तर काय करायचे, तेही सांगतो. आधी एक मिनिट हात मांडीखाली ठेवा. मग डाव असा बघा जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि तुम्ही आत्ताच येऊन बसलात. मोठे मोहरे समोरासमोर मारून संपवू नका, कारण मोहरे कमी झाले की त्याची आघाडी जास्त जाणवते. प्यादी मात्र खुशाल मारामारीत जाऊ द्या. प्यादी कमी उरली तर समोरच्याला एखादे प्यादे शेवटच्या घरात नेऊन नवा वजीर करणे अवघड जाते. नवशिक्यांच्या डावात समोरचाही नवशिकाच असतो. त्याची घोडचूक अजून व्हायची असते.

चांदबीबीचा बचाव

पडत्या डावात कसे खेळावे, याचे उदाहरण याच घरातले आहे. मुर्तजानंतर सात वर्षांत चार सुलतान झाले. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद मुघल फौज घेऊन नगरच्या किल्ल्यासमोर उभा राहिला, तेव्हा आत वारसाहक्काची भांडणे चालू होती. किल्ल्याची सूत्रे चांदबीबीने हाती घेतली.

मुघलांनी तटाखाली सुरुंग खोदले. किल्ल्यातल्यांना त्याची खबर लागली. त्यांनी आतून खणून काही सुरुंग निकामी केले. पण एक उडालाच आणि तटाला मोठे भगदाड पडले. चांदबीबी स्वतः भगदाडापाशी उभी राहिली, दिवसभराचा हल्ला परतवला गेला आणि रातोरात भिंत पुन्हा उभारली. सुरुंग शोधणे हा आपला पहिला प्रश्न झाला : समोरचा काय करू पाहतो आहे? आणि जो धोका टळला नाही, त्यासमोर डोके शांत ठेवून भिंत बांधणे हा घोडचुकीनंतरचा खेळ झाला.

शेवटी १५९६ मध्ये तह झाला. मुघलांना वऱ्हाड दिले आणि राजधानी वाचली. तेच वऱ्हाड, जे चंगीझखानाने बावीस वर्षांपूर्वी जिंकून दिले होते. मोहरा देऊन राजा वाचवला. असा मोहरा जाणीवपूर्वक देणे याला बलिदान म्हणतात. न पाहता देणे म्हणजे घोडचूक. पटावर दोन्हींत मोहरा जातोच, फरक फक्त देणाऱ्याला हिशेब माहीत असण्याचा आहे.

आणि मग १६००. मुघल पुन्हा आले. किल्ला फार दिवस टिकणार नाही हे चांदबीबीने ओळखले होते. बाल सुलतान बहादूरला घेऊन जुन्नरकडे जावे, असा तिचा विचार होता. तेवढ्यावरून ती मुघलांना सामील झाल्याची आवई उठवली गेली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला कैद करून ग्वाल्हेरला नेले.

चंगीझखान आणि चांदबीबी यांच्यात पाव शतकाचे अंतर आहे, पण घोडचूक एकच आहे. अफवा आली, संशय बसला, आणि आपलाच सर्वांत मोठा मोहरा आपल्याच हाताने पटाबाहेर गेला. दुसऱ्या वेळी डावच संपला.

डाव लिहून ठेवा

तीच चूक दोनदा का होते? पटावर याचे उत्तर सोपे आहे. आपण डाव लिहून ठेवत नाही म्हणून.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक शंभर पानी वही आणायला सांगतो. प्रत्येक डाव लिहायचा. हरलेला तर नक्कीच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडायचा आणि ज्या खेळीला डाव फिरला तिच्याखाली रेघ मारायची. त्या खेळीच्या वेळी डोक्यात काय चालले होते, ते एका ओळीत लिहायचे : घाई झाली, धमकी दिसली नाही, घोड्याची दुहेरी चाल विसरलो. वीस डावांनंतर वही उघडली की दिसते, आपली घोडचूक बहुधा एकाच जातीची असते. कोणाला घोडा दिसत नाही, कोणाला दूरवरचा उंट. रोग कळला की औषध सापडते.

बाकीचा सराव थोडक्यात सांगतो. तीन मिनिटांचे झटपट डाव मजेचे असतात, पण त्यांत तीन प्रश्न विचारायला वेळच नसतो. सवय लागेपर्यंत निदान प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांचे डाव खेळा. रोज पाच मन्सूबे सोडवा, मनात पूर्ण उत्तर आल्याशिवाय मोहरा हलवू नका. स्पर्धेत स्पर्शाचा नियम असतो. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवावा लागतो. घरीही तो पाळा. त्याने हात आवरतो आणि डोळा आधी जातो. राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा ही मात, आणि राजा-प्याद्याचे शेवट, एवढे शिकून घ्या. सुरुवातीच्या डावांची पुस्तके पाठ करायची घाई नको.

हे शेवटचे मी एका मोठ्या उदाहरणावरून म्हणतो. पंजाबातल्या सरगोध्याकडचा मीर सुलतान खान हिंदुस्थानी नियमांवर वाढलेला खेळाडू. विलायतेत गेला तेव्हा युरोपातल्या सुरुवातींचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे फारसे नव्हते. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने जिंकली आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. भोपाळचे मोहम्मद रफीक खान सुतारकाम करत. १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी आपल्या पटावर रौप्यपदक मिळवले. महागडा प्रशिक्षक नाही म्हणून थांबलेल्या मुलांना मी ही दोन नावे मुद्दाम सांगतो.

दोष पटाचा नाही

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : हा खेळ जायज आहे का? फिकहमध्ये यावर जुना मतभेद आहे. हनफी उलेमांचे मत कडक आहे. शाफई परंपरेत पैज नसेल, नमाज चुकत नसेल, तर तो हराम धरला जात नाही, नापसंत मानला जातो. मी फतवा देणारा नव्हे. ज्यांना शंका आहे त्यांनी जाणत्यांना विचारावे. पण या वादात ज्या अटी सगळेच मान्य करतात, त्या मुलांसाठी चांगल्याच आहेत : पैशांवर खेळू नका आणि खेळापायी फर्ज सोडू नका.

राज्य बुडत असताना शतरंज खेळणारा नवाब हे चित्र प्रेमचंदांच्या १९२४ च्या कथेने आणि तिच्यावरच्या चित्रपटाने सगळ्यांच्या मनात पक्के केले आहे. मुर्तजाची हकीकत वाचून तेच पुन्हा म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. मुर्तजा बुद्धिबळ खेळला म्हणून वजीर गमावून बसला नाही. वजीर आधी गेला, खेळ नंतर आला. पटावर बसून जे शिकायचे असते, समोरच्याची चाल पाहणे, हात आवरणे, मोजून देणे, ते त्याने पटाबाहेर कधी वापरले नाही. त्याने खेळाचा आडोसा केला.

आणि हे फक्त सुलतानांपुरते नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या संस्था बघा. शाळा, पतपेढी, मशिदीचा किंवा दर्ग्याचा ट्रस्ट. जिथे काही उभे राहते, तिथे एखादा झटणारा माणूस असतो, आणि त्याच्याबद्दल काही वर्षांत कुजबूज सुरू होते. 'त्याचा यात काय फायदा आहे, बघा जरा.' हिशेब जरूर मागावा, तो मागायलाच हवा. पण कान भरणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा : तू हे आत्ताच का सांगतोस? एवढा एक प्रश्न न विचारल्यामुळे चांगली माणसे घरी बसली आणि संस्था बसल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

इतिहास म्हणजे आपल्या आधीच्यांचे लिहून ठेवलेले डाव. फरिश्त्याने निजामशाहीचे डाव लिहून ठेवले म्हणून चारशे वर्षांनंतरही आपल्याला त्यातली फिरलेली खेळी दाखवता येते. नगरच्या लोकांनी १६०० मध्ये चंगीझखानाचा डाव पुन्हा मांडून पाहिला असता, तर चांदबीबीवर हात उगारण्यापूर्वी कोणीतरी नक्की म्हटले असते : थांबा, ही खेळी आपण याआधी केली आहे.

तेव्हा वही घ्या, पेन्सिल घ्या, आणि पुढचा डाव लिहायला सुरुवात करा.